आज आपलं गाव कुठलं?

परवा टीव्हीवर दबंग लागला होता, तो दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या चॅनलवर लागतोच, आणि आमचे पुण्यातले शेजारी काका म्हणाले, काय सुंदर घाट आहेत हो युपीत, एकदा जायला पाहिजे. मी म्हणलं काका एवढ्या लांब कशाला, स्वारगेटहून एसटी पकडा, दोन-अडीच तासात पोचाल, ती वाई आहे. त्यांना पटेना. शेवटी मोबाईलवर मी काढलेले फोटो दाखवले तेव्हा म्हणाले, अरे हो की, पण मग पिक्चरमध्ये लालगंज का म्हणतात?

तर हा प्रश्न. आमच्या वाईकरांना तो आता प्रश्न वाटतच नाही, सवय झालीये. शूटिंगच्या ट्रका आल्या, जनरेटर व्हॅन लागली, दुकानांच्या पाट्यांवर हिंदी पाट्या चढल्या की लोक एकमेकांना विचारतात, काय मग, आज आपलं गाव कुठलं? आणि उत्तरं भारी असतात. 1997 च्या मृत्युदंडमध्ये आम्ही बिहार होतो. 2003 ला गंगाजलमध्ये परत बिहार, तेजपूर नावाचा जिल्हा. 2004 ला स्वदेस आला तेव्हा वाईशेजारच्या मेणवलीचा घाट चरणपूर झाला, म्हणजे उत्तर प्रदेश. ओमकारासाठी पश्चिम युपी, दबंगसाठी लालगंज, आणि 2013 ला चेन्नई एक्सप्रेससाठी आम्ही चक्क तामिळनाडू झालो. एवढे रोल तर ओम पुरींनी पण केले नसतील (केले असतील खरं तर, पण मुद्दा कळला ना).

यावर गावात दोन गट आहेत आणि दोन्ही गटांशी माझं भांडण आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिला गट म्हणतो शूटिंग म्हणजे गावाचं नशीब उघडलं, हॉटेलं चालतात, जीपवाल्यांना धंदा मिळतो, पोरांना ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून दिवसाचे पैसे मिळतात, त्यामुळे कुणी काही बोलू नका, नाहीतर युनिट दुसरीकडे जाईल. दुसरा गट म्हणतो की ही दक्षिण काशी आहे, इथे प्राज्ञपाठशाळा आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथे बसून मराठी विश्वकोशाचं काम केलं, अशा गावाच्या घाटावर आयटम साँग कसली शूट करता, बंद करा सगळं. मला दुसऱ्या गटाचं मन कळतं. विश्वकोशाचं गाव पडद्यावर कायम भोजपुरीत नाहीतर तामिळमध्ये बोलतं, मराठीत त्याला संवादच नाही, याचं हसू पण येतं आणि वाईट पण वाटतं. पण बंद करा हे काही उत्तर नाही. आणि घाटाचं पावित्र्य वगैरे बोलणाऱ्यांनी आधी त्याच घाटावर गणपतीत आणि इलेक्शनला किती फ्लेक्स लागतात ते मोजून यावं.

आता मुळात वाईच का, हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सगळी चर्चा हवेत होते. लोकांना वाटतं आपला घाट सुंदर म्हणून. सुंदर आहेच, पण सुंदर घाट देशात कमी आहेत का? मुद्दा साधा आहे, मुंबईपासून गाडीने पाच तास, पुण्यापासून दोन, पुणे-बंगळूर हायवेला सुरूर फाट्याला वळलं की थोड्याच वेळात गाव. लाइटचं सामान, क्रेन, ट्रॅक ट्रॉली, सगळं मुंबईहून ट्रकने रात्रीतून येतं. स्टार लोकांना राहायला वर पाचगणी-महाबळेश्वर आहे, सकाळी पसरणीचा घाट उतरला की सेटवर हजर. बिहारमध्ये त्या काळात एवढं मोठं युनिट घेऊन जायचं म्हणजे कोण धजावणार, आणि बनारसमध्ये 2000 साली वॉटर या सिनेमाचा सेट लोकांनी तोडला, शूटिंग बंद पाडलं, शेवटी तो सिनेमा श्रीलंकेत जाऊन करावा लागला. म्हणजे ज्यांना बनारस पाहिजे पण बनारसची डोकेदुखी नको, त्यांच्यासाठी वाई. नदी आहे, पायऱ्या आहेत, देवळं आहेत, लोक शांत आहेत, सकाळी नऊची शिफ्ट नऊला सुरू होते.

आता गंमत बघा. बनारसचे घाट वाळूच्या दगडाचे, पिवळट-लालसर. आमचे घाट काळ्या पाषाणाचे, पेशवाईतले, बरेचसे रास्त्यांनी बांधलेले. गोपिकाबाई, म्हणजे नानासाहेब पेशव्यांची बायको, ती या रास्ते घराण्यातली, त्यामुळे वाईला त्या काळात पैसा आला आणि तो पैसा देवळांत आणि घाटांत गेला. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. त्याची मागची भिंत बघितलीये का कुणी नीट? माशासारखी निमुळती बांधलीये, कृष्णेला पूर आला की पाणी दोन बाजूंनी कापलं जावं म्हणून. मराठी माणसाने डोळे उघडे ठेवून पिक्चर बघितला तर एक दीपमाळ फ्रेममध्ये आली की कळतं हे बिहार नाही. पण बघतो कोण.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, सहा चौकांचा, आणि घाटावर छोट्या देवळात ती घंटा, 1739 ला चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधून आणलेली. म्हणजे पोर्तुगीजांची घंटा, मराठ्यांचा घाट, आणि वर शूटिंगमध्ये उत्तर प्रदेशातलं चरणपूर. एवढा इतिहास एका फ्रेममध्ये मावतो आणि त्यातलं एक अक्षर प्रेक्षकापर्यंत पोचत नाही. गाईडपण तुम्हाला तिथे घंटेच्या आधी शाहरुख कुठे बसला होता ते दाखवतो. त्याचा काय दोष, येणारा माणूस तेच विचारतो.

पण नाव दाखवलं नाही हे माझं मुख्य दुखणं नाही. सिनेमा खोटा असतो, तो धंदाच खोट्याचा आहे, मुंबईच्या गोरेगावला काश्मीर उभं करतात त्यात कुणाला राग येत नाही. माझं दुखणं पैशाचं आहे, आणि त्याहून जास्त हिशोबाचं.

मेणवलीचा वाडा खाजगी आहे, त्याचं भाडं वाड्याच्या मालकांना जातं, त्यातून कौलं बदलतात, वासे बदलतात, ठीक आहे, त्याला मालक आहे. हॉटेल हॉटेलवाल्याचं, त्याला भाडं मिळतं. शेत शेतकऱ्याचं, व्हॅनिटी लावायला चार दिवस दिलं तर त्याला पैसे मिळतात आणि मिळालेच पाहिजेत. गावातला कोऑर्डिनेटर आहे, त्याचं कमिशन आहे. पण ज्या गोष्टीसाठी हे सगळे आले तो घाट, त्याला मालक कोण? सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, असे सात घाट, आणि ज्या दगडावर क्रेन उभी राहते त्या दगडाच्या नावाने कुठेही खातं नाही. परवानगीची फी वगैरे भरली जाते, ती सरकारी पद्धतीने जिथे जायची तिथे जाते, मी कुणावर आरोप करत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की घाटावर कमावलेला पैसा घाटावर आला हे घाटावर उभं राहून दिसलं पाहिजे.

करायचं काय? काही अवघड नाही. घाटावर एक बोर्ड लावा, फ्लेक्स नको, दगडी किंवा पत्र्याचा साधा. वर्षात किती दिवस शूटिंग झालं, किती रुपये जमा झाले, त्यातले किती रुपये घाटाच्या डागडुजीला लागले. तीन आकडे. शाळेच्या फळ्यावर पटसंख्या लिहितात तसं. दुसरं, डिपॉझिट घ्या, आणि पॅकअप झाल्यावर घाट बघूनच परत द्या. भाड्याने मंगल कार्यालय घेतलं तर तुटलेल्या खुर्चीचे पैसे कापतात, घाटाचे का नाही कापत? तिसरं, दगडाचं काम कळणारा एक माणूस शूटिंगच्या वेळी तिथे हजर पाहिजे, त्याचा पगार निर्मात्याने द्यायचा, आणि ट्रॉलीचा रूळ कुठे टाकायचा, खिळा कुठे ठोकायचा नाही, हा त्याचा शब्द शेवटचा.

मी कॉलेजात असताना एका सेटवर आठ दिवस काम केलंय, कुठला पिक्चर ते जाऊदे, तो पुढे आलाच नाही बहुतेक. काम म्हणजे गर्दीत उभं राहायचं आणि लॉक म्हणले की रस्त्यावरच्या गाड्या थांबवायच्या. तिथे आर्ट डिपार्टमेंटमधल्या एका सेटिंगवाल्या दादाने देवळाच्या ओवरीत खरा दगड असताना त्यावर पीओपीचा खोटा दगड चढवला, कारण खरा दगड कॅमेऱ्यात काळा पडत होता, उठून दिसत नव्हता. आठ दिवसांनी पीओपी काढताना खालच्या दगडाच्या सांध्यातला जुना चुना पण त्याबरोबर निघाला. कुणी मुद्दाम केलं नाही. त्या दादाला कुणी सांगितलंच नव्हतं की हा चुना अडीचशे वर्षांचा आहे. आम्ही पण सांगितलं नाही, आम्हाला तरी कुठे माहीत होतं, आम्ही हिरॉइन कधी येणार याची वाट बघत होतो.

पण याच आठ दिवसात मला एक गोष्ट कळली आणि ती मी आजपर्यंत विसरलो नाही. पहिल्या दिवशी आर्ट डायरेक्टर असिस्टंटला घेऊन घाटावर फिरला आणि काय काय लपवायचं याची यादी केली. विजेच्या वायरी. वाढदिवसाचे फ्लेक्स. देवळाला लावलेला गुलाबी ऑइलपेंट. ओवरीतली बाथरूमच्या टाइल्ससारखी फरशी. पत्र्याची शेड. स्टीलचं रेलिंग. घाटामागे आलेली चार मजली बिल्डिंग, ती लपत नव्हती म्हणून कॅमेऱ्याचा अँगलच बदलला. नदीतली जलपर्णी आणि प्लॅस्टिक, त्यासाठी दोन माणसं होडीत बसवली, सकाळी सहाला साफ करायला.

आता ही यादी वाचा परत. यातली एकही गोष्ट शूटिंगवाल्यांनी आणलेली नाही. सगळ्या आम्ही आणल्या. मी नंतर कितीदा विचार केला की नगरपालिकेने हेरिटेजवर सल्लागार नेमून, अहवाल मागवून जे कळलं नसतं ते एका मुंबईच्या माणसाने अर्ध्या तासात, फुकट, एका वहीच्या पानावर लिहून दिलं. जो घाट जगाला दाखवण्यासारखा आहे त्यात काय दाखवण्यासारखं नाही, त्याची पक्की यादी. युनिट ते आठ दिवस झाकतं आणि जाताना झाकण काढून घेऊन जातं, आणि आम्ही परत त्याच फ्लेक्सखाली जाऊन बसतो.

म्हणून पहिल्या गटाला माझं सांगणं वेगळं आहे. तुम्ही म्हणता भाव वाढवला, नियम लावले तर युनिट जाईल. अहो ते जायला लागलंच आहे, आणि तुमच्या नियमांमुळे नाही. आता उत्तर प्रदेश सरकार स्वतःच सिनेमावाल्यांना सबसिडी देतं, तिकडे शूट करा आणि पैसे घ्या. लखनौ, बनारस सगळीकडे युनिटं असतात. मध्य प्रदेश तेच करतंय. ज्यांना युपी पाहिजे ते आता युपीतच जातात, खोटं युपी त्यांना लागत नाही. तेव्हा वाईची जी मक्तेदारी होती, मुंबईजवळचं स्वस्त बनारस, ती दुसऱ्याच्या अडचणीवर उभी होती आणि ती अडचण संपली. यापुढे कुणी आलं तर ते या कारणासाठी येईल की इथे जुनं गाव जुन्यासारखं शिल्लक आहे. ते शिल्लक नसेल तर सुरूर फाट्याला कोण वळेल? घाट जपणं हे धर्माचं किंवा संस्कृतीचं काम आहे असं ज्यांना वाटत नाही त्यांनी निदान धंद्याचं काम म्हणून तरी जपावा, कोंबडी कापून अंडी मिळत नाहीत.

मध्य प्रदेशचं चंदेरीच बघा ना. साड्यांसाठी माहीत असलेलं छोटं गाव, 2018 ला स्त्री सिनेमा तिथे शूट झाला, आणि सिनेमातल्या गावाचं नावही चंदेरीच ठेवलं. लोक आज चंदेरीला जातात ते चंदेरी म्हणून जातात, त्या भिंती बघतात, येताना साडी घेतात. आणि आपल्याकडे 2016 ला सैराटनंतर लोक गाड्या भरभरून करमाळा तालुक्यात गेले की नाही? कारण तो सिनेमा त्या मातीचा होता आणि तिची भाषा बोलत होता. वाईला एवढे मोठमोठे हिंदी पिक्चर मिळाले, पण आमच्या शेजारी काकांना अजून वाटतं तो लालगंज आहे. काय कामाची ही प्रसिद्धी! निदान शेवटच्या पाट्यांमध्ये, जिथे जेवण पुरवणाऱ्याचं आणि जनरेटरवाल्याचं नाव येतं, तिथे वाई, जिल्हा सातारा एवढं मोठ्या अक्षरात आलं पाहिजे ही अट परवानगीच्या कागदात टाकायला कुणाचा विरोध आहे?

आता कुणी म्हणेल की जास्त प्रसिद्धी पण वाईटच. मान्य. क्रोएशियातलं दुब्रोव्निक, गेम ऑफ थ्रोन्समुळे एवढं गाजलं की जुन्या तटबंदीच्या आत राहणारे लोकच कमी झाले, घरं पर्यटकांना भाड्याने गेली, शेवटी तिथल्या महापौरांना क्रूझ जहाजांवर मर्यादा आणावी लागली. पण आपल्याला अजून दुब्रोव्निकची काळजी करायची वेळ आलेली नाही हो, आपल्या गावाचं नावच कुणाला माहीत नाही. आपल्या जवळचं उदाहरण महेश्वर आहे, अहिल्याबाई होळकरांचं. 2019 ला दबंग 3 चं शूटिंग तिथल्या घाटावर चाललं होतं आणि शिवलिंगावर लाकडी फळ्या टाकल्या म्हणून केवढा गदारोळ झाला. सिनेमावाल्यांचं म्हणणं होतं की शिवलिंगाला धक्का लागू नये म्हणूनच फळ्या टाकल्या. खरंही असेल. पण मला त्या वादात वाईट याचं वाटलं की सगळी चर्चा भावना दुखावल्या का, याच्यावर झाली. फळ्या कुणाला विचारून टाकल्या, घाटावर तेव्हा देखरेखीला कोण होतं, यावर कुणी बोललं नाही. भावना दोन दिवसात थंड होतात, दगडाचा निघालेला टवका तसाच राहतो.

आणि हो, तारखांचं पण ठरलं पाहिजे. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा उत्सव असतो, एकेका घाटावर आळीपाळीने, मांडव पडतो, कृष्णाबाई बसते, कीर्तनं, जेवणावळी. त्या दिवसात त्या घाटावर कॅमेरा नाही म्हणजे नाही, कितीही मोठा स्टार असो. बाकी वर्षभर या. सकाळी अंघोळीला, दहाव्याच्या विधीला, धुण्याला येणाऱ्या माणसाला बांबू आडवा लावून अडवायचं नाही, एक बाजू कायम मोकळी ठेवायची. मी स्वतः एका बाईला एका सिक्युरिटीवाल्या पोराने आत्ता नाही, शॉट चालू आहे, म्हणून पायरीवर अर्धा तास उभं केलेलं बघितलंय, डोक्यावर धुण्याचं घमेलं. ती त्याला म्हणाली, अरे बाबा नदी तुझ्या मालकाची हाय का, माझ्या सासूची सासू पण हितंच धुत होती. त्या पोराकडे उत्तर नव्हतं. तो पण आमच्याच गावचा होता, त्याला दिवसाचे पैसे मिळत होते, त्याने मान खाली घातली.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र वेगळंच आहे. एवढी युनिटं आली, पण वाईचं म्हणून जे आहे ते एकाही मोठ्या हिंदी पिक्चरला दिसलं नाही. रंगपंचमीला बावधनचं बगाड निघतं, एवढं मोठं लाकडी धूड, पुढे बैलांच्या जोड्याच जोड्या, वर टांगलेला माणूस, म्हणजे बगाड्या, हजारो माणसं, अंगावर काटा येतो. शाहीर साबळे पसरणीचे, इथून पायी जाण्यासारखं अंतर. अफजलखान प्रतापगडाकडे निघाला तो 1659 ला या वाईतनंच. हळदीचा बाजार आहे, जुन्या वाड्यांमधली भांडणं आहेत, वेदपाठशाळेतली पोरं क्रिकेट खेळतात, विश्वकोशाच्या कचेरीत आयुष्यभर नोंदी तपासणारी माणसं इथे राहिली. यातल्या एकेकावर सिनेमा होईल. पण त्यासाठी लेखक वाईत येऊन राहायला पाहिजे, इथे फक्त लोकेशन मॅनेजर येतो, तो फोटो काढून रात्रीच परत जातो. याला मात्र हिंदीवाले जबाबदार नाहीत, मराठीवाले आहेत, आणि सातारा-वाई भागात मराठी मालिकांची एवढी शूटिंग होत असून त्यातही गाव म्हणजे एक पाटील, एक वाडा आणि एक कपटी सून एवढंच असतं, म्हणजे आपल्याच घरात आपण पाहुणे.

गेल्या महिन्यात गेलो होतो घरी. गणपती आळीच्या घाटावर संध्याकाळी बसलो होतो, एका भिंतीवर अजून कुठल्यातरी सेटचे निळे अक्षर शिल्लक आहेत, अर्धे पुसलेले, फक्त "थाना" एवढं वाचता येतं. किती वर्षांपूर्वीचं आहे ते, कुठल्या पिक्चरचं, कुणालाच आठवत नाही. खाली दोन पोरं बसली होती, सातवी-आठवीतली, एकाने दुसऱ्याला विचारलं हे थाना म्हणजे काय रे, ठाण्याचं काय? दुसरा म्हणाला, नाय रे, आपल्या गावाचं जुनं नाव असंल.